फवारणीच्या ड्रोनची नोंदणी : अर्ज नेमका अडतो कुठे

निफाड-दिंडोरीकडच्या बागाईतदारांनो, ड्रोनचं बुकिंग करण्याआधी हे वाचा. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार फवारणीच्या ड्रोनला यूआयएन, म्हणजे नोंदणी क्रमांक लागतोच. अर्ज डी-२, फी १०० रुपये, सगळं ऑनलाइन. इथवर कोणी अडत नाही.

अडतं ते टाइप सर्टिफिकेटपाशी, म्हणजे ते मॉडेल नियमांत बसतं या दाखल्यापाशी. ते ड्रोनच्या मॉडेलला मिळतं आणि कंपनीने आधीच काढलेलं असावं लागतं. सुटे भाग जुळवून बनवलेल्या स्वस्त ड्रोनला ते नसतं. विकणारा "नंतर करून देऊ" म्हणतो, आणि तो 'नंतर' कधी उगवत नाही. सर्टिफिकेटचा नंबर बिलावर लिहून घेतल्याशिवाय पैसे सोडू नका.

दुसरी गोम दुरुस्तीनंतरची. यूआयएन तीन नंबरांशी जोडलेला असतो : ड्रोनचा सिरियल नंबर, फ्लाइट कंट्रोलरचा (ड्रोनचं उड्डाण सांभाळणारा आतला भाग) आणि रिमोटचा. औषध आत शिरून कंट्रोलर जळला, मेकॅनिकने दुसरा बसवला, ड्रोन उडायला लागला. पण नोंदणीतला नंबर जुनाच राहिला! नवा नंबर पोर्टलवर चढवावाच लागतो. म्हणून मेकॅनिककडून जुना भाग परत मागा, दोन्ही स्टिकरचे फोटो काढा, आणि तारीख, बदललेला भाग, जुना-नवा नंबर एका वहीत लिहून बिल तिथेच चिकटवा. जुना ड्रोन विकत घेताना हीच वही आधी बघायची, आणि यूआयएन स्वतःच्या नावावर करून घ्यायचा.

वजन टाकी भरून धरतात, रिकाम्या ड्रोनचं नाही. २५ किलोच्या वर गेलात की वर्गच बदलतो.

चालवणाऱ्याचं वय १८ ते ६५, दहावी पास, आणि डीजीसीएमान्य (नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने मान्य केलेल्या) संस्थेतलं प्रशिक्षण. पायलट प्रमाणपत्रासाठीची पासपोर्टची अट २०२३ मध्येच गेली. मतदार ओळखपत्र किंवा रेशनकार्डही चालतं. तरी कोणी पासपोर्टसाठी परत पाठवलं, तर सुधारित नियमाची प्रत समोर ठेवा. लोकांना उगाच चकरा मारायला लावतात.

राहता राहिलं ओझरचं विमानतळ. विमानतळाच्या हद्दीपासून ५ ते ८ किलोमीटरमध्ये यलो झोन असतो, तोही जमिनीपासूनच; त्याहून जवळ नियम आणखी कडक. "आमचा ड्रोन दहा फुटांवरच उडतो" हे तिथे चालत नाही. हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंत ती लागत नाही. अंतर टर्मिनलपासून मोजू नका, कुंपणापासून मोजा. आणि देवळालीकडे बाग असेल तर लष्करी हद्दीमुळे रेड झोन (केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उड्डाण बंद) लागतो का, हे फवारणीच्या दिवशी सकाळी डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलच्या नकाशावर पुन्हा बघा, कारण झोन बदलत असतात.