श्रिंपची टाकी आणि सोसायटीचं पाणी

टाकीतल्या चेरी श्रिंप, म्हणजे घरी पाळायच्या इवल्या लाल गोड्या पाण्यातल्या कोळंब्या, एकेक करून मरायला लागल्या की लोक आधी टीडीएस मीटर बुडवतात. आकडा १८० आला की पाणी तर चांगलं आहे, मग बिघडलं कुठे, असं कोडं पडतं. हा मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि त्यावरून एकूण क्षारांचा अंदाज देतो. ते क्षार कॅल्शियमचे आहेत की साध्या मिठाचे, हे त्याला कळत नाही. श्रिंपचं तर सगळं कॅल्शियमवरच अडलेलं असतं.

श्रिंपचं कवच कायटिन नावाच्या पदार्थाचं असतं आणि त्याला कडकपणा येतो कॅल्शियम कार्बोनेटमुळे. वाढायचं तर कात टाकावी लागते. मोठी श्रिंप साधारण तीन-चार आठवड्यांनी कात टाकते, पिल्लं त्याहून बरीच लवकर. कात टाकली की ती अंगात पाणी ओढून फुगते आणि नवं मऊ कवच कडक करण्यासाठी लागणारं कॅल्शियम मुख्यतः भोवतालच्या पाण्यातून घेते. तिथे ते कमी पडलं, किंवा पाण्यातले क्षार एकदम खाली-वर झाले, की कात अर्धवट सुटते. डोक्यावरचं कवच आणि शेपटीकडचा भाग यांच्या सांध्यात अंगाभोवती पूर्ण पांढरा पट्टा दिसला, तर ती श्रिंप क्वचितच वाचते.

आता आपल्या नळाचं पाहू. नवी मुंबईच्या मोठ्या भागाला मोरबे धरणाचं पाणी मिळतं, ठाण्याला भातसा आणि उल्हास नद्यांचं. सह्याद्रीच्या काळ्या खडकावर पडलेल्या पावसाचं हे पाणी, त्यामुळे मुळात मृदू. पण घरात येतं ते सोसायटीच्या टाकीतून, आणि त्या टाकीत उन्हाळ्यात टँकर आणि बोअरचंही पाणी मिसळलेलं असतं. बोअरचं पाणी जड. खाडीकडेला ते खारटही निघतं. काही सोसायट्यांनी सॉफ्टनर बसवलेत. सॉफ्टनर पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून त्या जागी सोडियम सोडतो. साबणाला फेस येतो, टीडीएस जवळपास तेवढाच राहतो आणि श्रिंपच्या कामाचं मात्र काही उरत नाही. वॉचमनला किंवा सेक्रेटरींना विचारून घ्या, सॉफ्टनर आहे का, आणि टँकर कधी येतो.

म्हणून मीटरच्या आधी जीएच-केएचचं थेंबांचं किट घ्यावं. जीएच म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचा जडपणा आणि केएच म्हणजे पीएच घसरू न देणारी बायकार्बोनेटची शिल्लक. बहुतेक किटांमध्ये ५ मिली पाण्यात थेंब टाकत जायचं. रंग पालटेपर्यंत जितके थेंब लागले तितके अंश. एक अंश म्हणजे लिटरमागे १७.८ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतका जडपणा. चेरी आणि तिच्या निळ्या, पिवळ्या, केशरी बहिणींना जीएच ६ ते ८, केएच २ ते ५, पीएच ६.८ ते ७.६ आणि टीडीएस १५० ते २५० मानवतो. क्रिस्टल रेड या दुसऱ्या जातीच्या श्रिंपचं गणितच वेगळं: जीएच ४ ते ६, केएच जवळजवळ शून्य, पीएच ६ च्या आसपास आणि पाणी २०-२३ अंश सेल्सिअस. ठाण्यात चिलर, म्हणजे टाकीचं पाणी गार ठेवणारं यंत्र, घ्यायची तयारी नसेल तर तिच्या नादी लागू नये.

समजा नळाचा जीएच ३ आहे आणि ७ हवा आहे. २० लिटरच्या बादलीत १.६ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट आणि ०.९ ग्रॅम एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) घाला. केएच दोन अंशांनी वाढवायचा तर १.२ ग्रॅम खायचा सोडा; बेकिंग पावडर चालत नाही. सोडा आणि कॅल्शियम एकाच पेल्यात घट्ट विरघळवले तर खडूसारखा साका बसतो आणि दोन्ही वाया जातात. म्हणून आधी एक पदार्थ बादलीतल्या पाण्यात नीट मिसळावा, मग दुसरा. मोजायला सोनारी काट्यासारखा ०.०१ ग्रॅमचा छोटा डिजिटल काटा हवाच. कॅल्शियम क्लोराइड इथल्या दमट हवेत झाकण सैल राहिलं तरी पाझरतं, मग वजनात निम्मं पाणीच भरतं.

नळाच्या पाण्यातला क्लोरीन घालवण्यासाठी १० ग्रॅम सोडियम थायोसल्फेट एक लिटर पाण्यात विरघळवून ठेवावं आणि २० लिटरला १० मिली टाकावं. पावसाळ्यात नदी गढूळ होते, शुद्धीकरणात तुरटी आणि क्लोरीन दोन्ही वाढू शकतात. तुरटी पाण्यातला केएच खाते, त्यामुळे जुलैत केएच पुन्हा मोजलेला बरा. गीझरचं पाणी टाकीत नको, आतल्या तांब्याचा अंश श्रिंपला विषारी ठरू शकतो. माशांच्या औषधांच्या लेबलवरही कॉपर सल्फेट आहे का ते वाचावं.

पाणी आठवड्याला १० ते १५ टक्केच बदलावं आणि नवं पाणी एअरपंपाच्या बारीक नळीला गाठ मारून थेंबाथेंबाने सोडावं. नवीन श्रिंप आणल्यावरही तेच: सेकंदाला दोन-तीन थेंब, दोन तास. टाकी त्याआधी चार ते सहा आठवडे स्पंज फिल्टर लावून मुरवलेली, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू तयार झालेली, असावी. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट लिटरमागे २० मिलिग्रॅमच्या खाली.

मे महिन्यात पाणी सहज ३० च्या वर जातं. २० अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना ७.६, आणि नेमकी तेव्हाच श्रिंपची गरज वाढलेली असते. पृष्ठभागावर पंखा सोडला की बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरतं, दमट दिवशी त्याहूनही कमी. वाफ जाते, क्षार मागे राहतात. त्यामुळे घटलेली पातळी आरओच्या पाण्यानेच भरावी. नळाचं ओतत राहिलं तर महिन्याभरात जीएच कुठल्या कुठे जातो.

सगळे आकडे बरोबर असूनही एका रात्रीत टाकी रिकामी झाली, तर हवेकडे पाहा. डासांच्या लिक्विड मशीनमध्ये आणि फवारणीच्या औषधांत पायरेथ्रॉइड असतात. ती कीटक मारण्यासाठी बनलेली आहेत आणि श्रिंप कीटकांची जवळची नातलग. एअरपंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. मशीन त्या खोलीत लावूच नये, आणि पालिकेची धूर फवारणी गल्लीत आली की खिडक्या बंद, टाकीवर झाकण आणि धूर विरेपर्यंत, अर्धा तासभर, पंप बंद.