निन्जुत्सूचा क्लास अस्सल कशावरून? या प्रश्नामागचा इतिहास

ज्युदो शिकायचा असेल तर चौकशी सोपी असते. कानो जिगोरो यांनी १८८२ मध्ये टोकियोत कोदोकान सुरू केलं, १९५१ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघ उभा राहिला आणि आज कुठल्याही ज्युदो शिक्षकाला ‘तुमची मान्यता कुणाची?’ असं विचारलं की त्याला सरळ उत्तर देता येतं. निन्जुत्सूला, म्हणजे जुन्या जपानी हेरांच्या (निन्जांच्या) विद्येला, असा महासंघ नाही. स्पर्धा नाहीत, त्यामुळे हार-जीत नाही. दोन क्लास समोर आले तर कुणाचं खरं हे बाहेरून सांगणारी एकही सर्वमान्य यंत्रणा नाही. पहिल्यांदाच मार्शल आर्टकडे वळणारा माणूस इथे चाचपडतो. हे असं का झालं ते कळायला चार-पाचशे वर्षं मागे जावं लागतं, आणि माझ्या मते क्लास शोधण्याआधी ही वाट एकदा चालून यायलाच हवी.

निन्जांचा मुलूख म्हणजे इगा आणि कोका. इगा आजच्या मिए प्रांतात येतं, तर त्याला लागून असलेलं कोका शिगा प्रांतात. बाहेरच्या जगात कोकाचं नाव ‘कोगा’ असं रुळलं आहे. तेव्हाची राजधानी क्योतो इथून फार लांब नव्हती, पण मधे डोंगर होते आणि या भागावर एकछत्री हुकूमत चालवणारा बडा सरदार नव्हता. छोट्या जमीनदार सामुराई कुटुंबांनी आपापसांत करार करून कारभार चालवला होता. एकट्यादुकट्याकडे मोठी फौज नसल्यामुळे टेहळणी, रात्रीचे छापे, आगी लावणं, शत्रूच्या गोटात शिरून बातमी काढणं यांत ही माणसं तरबेज झाली. १४८७ मध्ये शोगुन (जपानचा लष्करी सत्ताधीश) आशिकागा योशिहिसा रोक्काकू या सरदार घराण्यावर चालून गेला, तेव्हा मागारी इथल्या त्याच्या छावणीवर कोकाच्या लोकांनी रात्री छापा घातला आणि त्यांचं नाव सर्वदूर झालं. पुढे इतर सरदारही त्यांना पैसे देऊन कामाला लावू लागले.

मग जपान एका सत्तेखाली आणायला निघालेला सरदार नोबुनागा आला. १५७९ मध्ये त्याच्या मुलाने इगावर चढाई केली आणि मार खाऊन तो परतला. १५८१ मध्ये खुद्द ओदा नोबुनागाने चहूबाजूंनी हजारोंच्या फौजा घुसवल्या आणि इगा जाळून बेचिराख केलं. पुढच्याच वर्षी नोबुनागाचा क्योतोत घात झाला. त्या वेळी जवळच असलेला त्याचा मित्र सरदार आणि पुढे शोगुन झालेला तोकुगावा इएयासू जीव मुठीत धरून इगाच्या डोंगरांतून आपल्या मुलखाकडे निसटला. त्याला वाट काढून देण्यात त्याचा सरदार हात्तोरी हान्झो आणि इगा-कोकाची माणसं होती असं मानलं जातं. इएयासूने इगाच्या लोकांना चाकरीत घेतलं. टोकियोच्या राजवाड्याचा हान्झोमोन दरवाजा आजही हान्झोच्या नावाने ओळखला जातो.

इथून पुढचा भाग क्लास शोधणाऱ्याने नीट समजून घ्यावा असा आहे. तोकुगावांच्या राजवटीत अडीचशे वर्षं शांतता नांदली. इगा-कोकाची माणसं एदोच्या (आजच्या टोकियोच्या) किल्ल्यावर पहारेकरी झाली. १६३७-३८ च्या शिमाबारा बंडात कोकाचे काही जण वेढ्यात अडकलेल्या किल्ल्यात शिरून बातमी काढून आले, पण असे प्रसंग विरळच. हातची विद्या वापराविना जाऊ लागली तशी ती कागदावर उतरली. इगाच्या फुजिबायाशी घराण्यातल्या माणसाने १६७६ मध्ये ‘बान्सेनशुकाई’ हा २२ भागांचा संग्रह लिहिला आणि १६८१ मध्ये किशू संस्थानातल्या नातोरी घराण्याने ‘शोनिन्की’ सिद्ध केला. निन्जुत्सूबद्दल आपल्याला जे भरवशाचं माहीत आहे, त्यातलं बरंचसं अशा पोथ्यांतून आलेलं आहे.

त्यांत काय आहे? ‘बान्सेनशुकाई’ची सुरुवात मनाच्या शुद्धतेपासून होते. हे ज्ञान स्वार्थासाठी वापरलं तर ती निव्वळ चोरी, असं त्यात बजावलं आहे. मग सेनापतीने हेरांचा वापर कसा करावा, उघडपणे वेश पालटून शत्रूत कसं मिसळावं, अंधारात लपून आत कसं शिरावं, हवामान आणि तारे कसे वाचावेत आणि शेवटी चढण्याची, पाणी ओलांडण्याची, कुलपं उघडण्याची आणि आगीची साधनं. ‘शोनिन्की’त सात वेश दिले आहेत: बासरी वाजवणारा भटका कोमुसो, बौद्ध भिक्षू, डोंगरी तपस्वी, व्यापारी, रस्त्यावरचा खेळिया, सारुगाकू या जुन्या नाट्यप्रकाराचा नट आणि सातवा म्हणजे अगदी साधासुधा माणूस. जो वेश घ्यायचा त्याची विद्याही यायला हवी. गुद्दे-लाथांचं, हातघाईच्या लढाईचं शिक्षण या पोथ्यांत जवळजवळ नाहीच. ते साहजिक आहे. बातमी घेऊन जिवंत परतणं हे हेराचं काम, आणि मारामारीची वेळ आली म्हणजे ते काम बिघडलेलं असे. मारामारी करावी लागलीच, तर प्रत्येक जण आपल्या घरची तलवार, भाला, जुजुत्सू (पकडी आणि झटापटीची जपानी विद्या) वापरत असे.

म्हणजे आज कुठल्याही निन्जुत्सू क्लासमध्ये जे शिकवलं जातं, त्यातला बहुतांश भाग जपानी जुजुत्सू आणि शस्त्रविद्या आहे. हा काही दोष नव्हे. जुनी जुजुत्सू उत्तम विद्या आहे आणि ती शिकण्यात आयुष्य जाऊ शकतं. पण ‘हीच इगाच्या हेरांची मूळ विद्या’ असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल, तर त्या दाव्याला पोथ्यांचा आधार मिळत नाही.

१८६८ नंतर मेइजी सरकार आलं, संस्थानं बरखास्त झाली, १८७६ मध्ये कमरेला तलवार लावून फिरण्यावर बंदी आली. सामुराईंची चाकरी गेली आणि घराण्यांचा आश्रय तुटला. विसाव्या शतकात निन्जुत्सूचे वारस म्हणून दोन नावं ठळकपणे पुढे आली. पहिलं फुजिता सेइको यांचं. कोकाच्या वादा शाखेचे आपण चौदावे वारस आहोत असं ते सांगत. त्यांनी जुन्या शस्त्रविद्यांची हस्तलिखितं मोठ्या कष्टाने गोळा केली. १९६६ मध्ये ते वारले, पण निन्जुत्सूचा वारस त्यांनी नेमला नाही. आज कुणी ‘कोगा-र्यूचा प्रमुख’ (र्यू म्हणजे घराणं) म्हणून पाटी लावली असेल, तर फुजितांच्या मागे दुवा कुठे जुळतो हे त्याला विचारायलाच हवं. बहुतेकांना ते सांगता येत नाही.

दुसरं नाव ताकामात्सू तोशित्सुगू यांचं. तरुणपणी काही वर्षं चीनमध्ये काढलेला हा गृहस्थ उतारवयात नारा प्रांतातल्या काशिहारा इथे राहत होता. १९५० च्या दशकाच्या अखेरीस चिबा प्रांतातल्या नोदा गावचा हात्सुमी मासाआकी हा तरुण त्यांच्याकडे येऊ लागला. हाडं बसवण्याचा व्यवसाय सांभाळत, रात्रभर रेल्वेने प्रवास करत तो शिकायला जाई. १९७२ मध्ये ताकामात्सू वारले, तोवर त्यांनी नऊ घराण्यांची सूत्रं हात्सुमींकडे दिली होती. त्यांतली तोगाकुरे, ग्योकुशिन आणि कुमोगाकुरे ही निन्जुत्सूची मानतात, उरलेली सहा मुख्यतः जुजुत्सू आणि शस्त्रविद्येची. हात्सुमींनी या सगळ्यांची मिळून बुजिनकान ही संघटना बांधली. जगभरच्या बहुतेक निन्जुत्सू क्लासचं मूळ शोधत गेलं की आपण या गुरू-शिष्याच्या जोडीपाशी पोहोचतो.

या जोडीमागे किती जाता येतं यावरच खरा वाद आहे. तोगाकुरे घराण्याची सुरुवात बाराव्या शतकात, आजच्या नागानो प्रांतातल्या तोगाकुशीच्या डोंगरांत झाली असं परंपरा सांगते, आणि हात्सुमी हे चौतिसावे प्रमुख. पण ताकामात्सूंच्या आधीच्या पिढ्यांचे स्वतंत्र, बाहेरून पडताळता येतील असे कागद पुढे आलेले नाहीत. जपानी शस्त्रविद्येच्या घराण्यांचा जो कोश अभ्यासक प्रमाण मानतात, त्यानेही ही वंशावळ नंतर भर घालून जुनी केलेली आहे असा शेरा मारला आहे. नऊपैकी कुकी शिन्देन आणि ताकागी योशिन यांची गोष्ट वेगळी. या घराण्यांच्या शाखा ताकामात्सूंच्या परंपरेबाहेरही सापडतात. तेव्हा माझं मत असं : ताकामात्सूंपासून खालची परंपरा खणखणीत आहे, कारण ती फोटो, पत्रं, जिवंत शिष्य यांच्या पुराव्याने सिद्ध होते. त्यांच्या वरची परंपरा ही श्रद्धेने जपलेली आख्यायिका आहे आणि प्रामाणिक शिक्षक तसं मोकळेपणाने सांगतात.

हे सगळं एका छोट्या वर्तुळात राहिलं असतं तर गोंधळ इतका वाढला नसता. पण १९५० आणि ६० च्या दशकांत जपानमध्ये निन्जांच्या कादंबऱ्या आणि सिनेमांची लाट आली. त्या सिनेमांना हात्सुमींनी सल्लाही दिला. १९६० आणि ७० च्या दशकांत दोरोन नावोन हा इस्रायली आणि स्टीफन हेज हा अमेरिकन असे परदेशी विद्यार्थी नोदाला पोहोचले. १९८० च्या दशकात अमेरिकेत निन्जाचं वेड शिगेला गेलं. काळा पोशाख, चेहऱ्यावर फडकं, फेकायच्या चांदण्या हे सगळं टपालाने मिळू लागलं. शिक्षक मोजके आणि शिकू इच्छिणारे हजारो. मग ज्यांना कराटे येत होतं त्यांनी काळा पोशाख चढवला, ज्यांना काहीच येत नव्हतं त्यांनी एखादा अज्ञात जपानी गुरू गोष्टीत आणला. हा गुरू बहुधा वारलेला असे, त्याचं घराणं अतिगुप्त असे आणि त्याने आपली विद्या जगात फक्त या एकाच परदेशी शिष्याला दिलेली असे. आजही बनावट दावे याच साच्यातून निघतात.

अस्सल परंपरेतही फाटे फुटले. हात्सुमींचे शिष्य तानेमुरा शोतो यांनी १९८४ मध्ये गेनबुकान काढलं आणि मानाका उन्सुई यांनी १९९६ मध्ये जिनेनकान. हेज यांनीही पुढे तो-शिन दो नावाची स्वतःची पद्धत बांधली. नवख्याला हे एकमेकांचे विरोधी वाटतात, पण मूळ एकच असल्याने तिन्हींकडे खरी विद्या मिळू शकते. गेनबुकान आणि जिनेनकानमध्ये काता (ठरलेल्या हालचालींचा सराव) जास्त काटेकोर, बुजिनकानमध्ये शिक्षकागणिक फरक फार. एकाच संघटनेचे दोन दोजो (सरावाच्या जागा) पाहिले तर ते वेगवेगळ्या विद्या शिकवतात की काय असं वाटावं, इतका.

त्या फरकाचं एक कारण बुजिनकानच्या श्रेणी देण्याच्या पद्धतीत आहे. तिथे काळ्या पट्ट्याच्या श्रेणी पंधरा डॅनपर्यंत (डॅन म्हणजे एकेक पायरी) जातात. पाचव्या डॅनची परीक्षा सगळ्यांत प्रसिद्ध. उमेदवार डोळे मिटून गुडघ्यांवर बसतो, पाठीमागे ज्येष्ठ शिक्षक बांबूची तलवार डोक्यावर उगारून उभा राहतो आणि कुठलीही खूण न देता वार करतो. उमेदवार वेळेत बाजूला लोळला तर उत्तीर्ण. त्यानंतर त्याला पूर्ण शिक्षक म्हणून स्वतःचा दोजो चालवता येतो. परीक्षेला अर्थ आहे, पण शिकवण्याची हातोटी तीत तपासली जात नाही. शिवाय श्रेण्या सढळ हाताने दिल्या जातात ही तक्रार संघटनेतल्या जुन्याजाणत्यांचीही आहे. म्हणून प्रमाणपत्र अस्सल आणि शिक्षक कच्चा, असंही होऊ शकतं.

ताकामात्सूंच्या परंपरेबाहेरही काही अस्सल धागे आहेत. कातोरी शिन्तो-र्यू या प्राचीन घराण्याच्या अभ्यासक्रमात निन्जुत्सू आहे, मात्र शत्रूचे हेर काय करतील हे ओळखण्यापुरतं, आणि तेही वरच्या पातळीवर. इगातल्या निन्जा संग्रहालयाचे मानद संचालक कावाकामी जिनिची हे कोकाच्या बान घराण्याची विद्या लहानपणापासून शिकल्याचं सांगतात. त्यांनी वारस न नेमण्याचं जाहीर केलं आहे. मिए विद्यापीठात २०१७ पासून निन्जांवर संशोधन केंद्र चालतं, तिथे पोथ्या वाचल्या जातात. पण क्लास शोधणाऱ्याला या वाटांनी दारातून आत जाता येईल अशी शक्यता कमी.

तेव्हा नवख्याने दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्यात. पहिली, परंपरा. तुम्हाला कुणी शिकवलं, श्रेणी कुणी दिली, कुठल्या संघटनेची आणि कुठल्या वर्षी, एवढं विचारलं की खऱ्या शिक्षकाकडून नावानिशी उत्तर येतं आणि त्या नावाकडून खातरजमाही करता येते. ‘ते गुप्त आहे’ असं उत्तर आलं तर तिथून निघावं. दुसरी गोष्ट डोळ्यांनी बघायची : एक पूर्ण तास बाजूला बसून क्लास पाहावा. नव्या मुलांना आधी पडायला आणि लोळायला शिकवतात का? हल्ला करणारा जोडीदार हात पुढे करून पुतळ्यासारखा थांबतो, की वरच्या विद्यार्थ्यांबरोबर तरी खरोखर ओढतो, तोल घालवायचा प्रयत्न करतो? सांधा पिळला जात असताना जोडीदाराने थाप मारली की लगेच सोडतात का? स्पर्धा नसलेल्या विद्येत विरोध करणारा जोडीदार हीच एक कसोटी उरते. ती नसेल तर दहा वर्षांनीही आपल्याला काय येतं हे कळत नाही.

हात्सुमींनी २०१९ पासून नऊ घराण्यांची सूत्रं एकाच माणसाकडे न देता वेगवेगळ्या ज्येष्ठ शिष्यांकडे सोपवली आहेत. त्यामुळे आता बुजिनकानच्या शिक्षकालाही आणखी एक प्रश्न विचारता येतो : या नव्या प्रमुखांपैकी तुम्ही कुणाकडे शिकायला जाता, आणि शेवटचे कधी गेला होतात?