कुरव की सुरय? नाथसागरावर फसू नये म्हणून

जायकवाडी धरणाच्या फुगवट्यावर, म्हणजेच नाथसागरावर, नोव्हेंबर ते मार्च कुरव आणि सुरय हे पाणपक्षी एकाच पाण्यावर उडतात. दोघेही पांढरे-राखाडी, लांब पंखांचे. डोक्याच्या रंगावरून ओळखायला गेलात की हमखास फसाल. तपकिरी डोक्याच्या कुरवाचं डोकं थंडीत पांढरं असतं, डोळ्यामागे फक्त काळपट ठिपका. नदी सुरयाची काळी टोपीही तेव्हा विटलेली असते. मार्चअखेर दोघांची डोकी गडद, म्हणजे पुन्हा पंचाईत! त्यापेक्षा मासा कसा धरतात ते पाहा.

नदी सुरय चोच खाली रोखून पाणी चाळत उडतो. मासा दिसला की जागच्या जागी पंख फडफडवत थांबतो आणि थेट सूर मारतो. वर येतो तेव्हा बोटभर मासा चोचीत आडवा असतो. तो उडता उडताच फिरवून डोक्याकडून गिळतो. चिलापीच्या पाठीवरचे काटे मागे झुकलेले. शेपटीकडून गिळली तर ते घशात रुततील. एवढं पाण्यावर जगून हा पक्षी पोहतो मात्र क्वचितच, पाय आखूड.

कुरवाला एवढे कष्ट नकोत. तो बदकासारखा तरंगतो, जाळं उपसणाऱ्या होडीमागे लागतो, मेलेला मासा नाहीतर फेकलेली आतडी उचलतो. संधी मिळाली तर दुसऱ्याच्या चोचीतलंही पळवतो.

घोटाळा होतो तो कल्लेदार सुरयामुळे. हाही सुरयच, पण जेमतेम साळुंकीएवढा, सुमारे 25 सेंमी. तो सहसा बुडी न मारता पृष्ठभागावरूनच किडे, झिंगे टिपतो, म्हणून लांबून कुरवाचं पिल्लू वाटतो. कुरवाची पिल्लं इथे नसतातच; तो वीण घालतो लडाख-तिबेटच्या तळ्यांवर.

काठावर बसलेला असेल तर चोच बघा. नदी सुरयाची पिवळी, सुरीसारखी सरळ. कुरवाची लाल, जाड, टोकाला किंचित वाकलेली. उडताना सुरयाची शेपटी खोल दुभंगलेली, कुरवाची सरळ कापल्यासारखी. प्रौढ कुरवाच्या काळ्या पंखटोकांवर पांढरे ठिपकेही असतात.

मे महिन्यात दुभंगल्या शेपटीचा, पिवळ्या चोचीचा दिसला तर तो बहुधा नदी सुरय. उघड्या पडलेल्या वाळूच्या बेटांवर नुसत्या खळगीत तो 2-3 ठिपकेदार अंडी घालतो. पाणी ओसरून बेट काठाला जोडलं गेलं, की कुत्री चालत तिथवर पोचतात.