ते वाक्य अंकल बेनचं नाहीच मुळी

"मोठ्या ताकदीसोबत मोठी जबाबदारी येते" हे अंकल बेनने मरायच्या आधी पुतण्या पीटरला, म्हणजे स्पायडरमॅनला सांगितलं, असं सगळे छातीठोकपणे सांगतात, मीपण कित्येक वर्षं तेच सांगत फिरायचो. पण स्पायडरमॅनची पहिली गोष्ट, १९६२ सालच्या अमेझिंग फँटसी या कॉमिकच्या १५व्या अंकातली, लेखक स्टॅन ली आणि चित्रकार स्टीव्ह डिटकोची, जेमतेम ११ पानांची, ती उघडून बघा. बेनच्या तोंडी सगळी मिळून दोन-चार वाक्यं आहेत आणि त्यात हे नाहीये! मरताना तर तो दिसतसुद्धा नाही, पीटर घरी येतो तर दारात पोलीस उभा, तो सांगतो की काकांना गोळी घातली.

मग वाक्य कुठंय? एकदम शेवटच्या चौकटीत. रात्रीची वेळ, पाठमोरा एकटा पीटर चालत निघालाय आणि वरच्या पट्टीत निवेदक ते बोलतो, म्हणजे कुठलंच पात्र नाही. बेनच्या नावावर ते नंतरच्या कॉमिक्समध्ये चढलं, आणि २००२च्या सिनेमात गाडीत बसून त्याने ते पीटरला ऐकवलं म्हटल्यावर विषयच संपला, आता कोण जुना अंक शोधत बसतंय.