'एसीचं तेल सगळं सारखंच': इलेक्ट्रिक व्हॅनला हे लागू नाही

रत्नागिरी-चिपळूणकडच्या गॅरेजांत ऐकू येणारा हा समज डिझेल गाडीत एकवेळ खपेल. इलेक्ट्रिक व्हॅनच्या एसी कॉम्प्रेसरमध्ये मात्र मोटरची वाइंडिंग (तारेची गुंडाळी) थेट तेलात आणि गॅसमध्ये असते. म्हणून तिथे बहुधा वीजरोधक पीओई (पॉलिओल एस्टर) तेल असतं. नेमका ग्रेड कॉम्प्रेसरच्या लेबलवर पाहा. नेहमीच्या गाड्यांच्या एसीतलं पीएजी तेल थोडं मिसळलं तरी इन्सुलेशन (वीजरोध) घसरतं, गाडी हाय-व्होल्टेज फॉल्ट दाखवते. एसीचा गॅस भरायच्या मशीनच्या पाइपात उरलेलं पीएजीही त्याला पुरतं, आणि हे कुणाच्या लक्षात येत नाही!

पीओईसुद्धा ओल शोषतं, व्हॅक्यूमने ती नीट निघत नाही. कोकणच्या पावसाळ्यात उघडा राहिलेला डबा वापरूच नका. जेवढं तेल निघालं, मोजून तेवढंच भरा. हाय-व्होल्टेजच्या नारिंगी केबलला हात लावण्याआधी प्रशिक्षित माणसाकडून हाय-व्होल्टेज बंद करून घ्या.