वासालोपेट: ९० किलोमीटरच्या स्की शर्यतीत भाग कसा घ्यावा

वासालोपेट ही स्वीडनमधली स्की शर्यत. १५२०-२१ च्या हिवाळ्यात डॅनिश राजापासून जीव वाचवत नॉर्वेकडे निघालेल्या, पुढे स्वीडनचा राजा झालेल्या गुस्ताव वासाला मोरा गावच्या दोघांनी स्कीवरून पाठलाग करत सेलेनजवळ गाठलं आणि परत आणलं. त्या परतीच्या वाटेवर १९२२ मध्ये पहिली वासालोपेट झाली. आजही ती मार्चच्या पहिल्या रविवारी सकाळी आठला सेलेनजवळून सुटते आणि मोरामध्ये संपते.

पात्रता सोपी आहे. शर्यतीच्या वर्षात वयाची १९ वर्षं पूर्ण व्हायला हवीत. देशाची अट नाही. स्त्रियांना १९२४ पासून मज्जाव होता, १९८१ पासून शर्यत त्यांनाही खुली झाली. स्की मात्र क्लासिक पद्धतीनेच, म्हणजे दोन्ही स्की समांतर ठेवून चालवायची; स्केटिंगला, म्हणजे स्की तिरकी बाहेर ढकलत जाण्याला, परवानगी नाही.

नोंदणी आयोजकांच्या संकेतस्थळावर होते. एक शर्यत संपली की थोड्याच दिवसांत पुढच्या वर्षाची नोंदणी उघडते आणि जागा भराभर संपतात, त्यामुळे निर्णय वर्षभर आधी घ्यावा लागतो. अर्जातलं नाव पासपोर्टवर आहे अगदी तसंच लिहा.

खरी अडचण सुरुवातीच्या गटाची. गट दहा आहेत आणि ते जुन्या शर्यतींतल्या वेळेवरून ठरतात. दाखवायला निकाल नसेल तर दहावा, म्हणजे सगळ्यांत मागचा गट मिळतो. सुटल्याबरोबर साधारण तीन किलोमीटरचा चढ येतो आणि तिथे हजारोंची कोंडी होते. पुढे स्मोगान, मोंग्सबूदार्ना, रिस्बेरी, एव्हर्ट्सबेरी अशी वाटेवरची ठाणी ठरलेल्या वेळेला दोर लावून बंद होतात, उशिरा पोहोचणाऱ्याची शर्यत तिथेच संपते. चढावर रांगेत गेलेला वेळ तुमच्याच खात्यातून जातो. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याने आठवडाभर आधी होणाऱ्या 'ओपेत स्पोर'चा अर्ज करावा, असं मी आग्रहाने सांगेन. वाट तीच, अंतर तेच ९० किलोमीटर, पण गटांची चढाओढ नाही. आणि तिथली वेळ पुढच्या वर्षी मुख्य शर्यतीत चांगला गट मिळवायला उपयोगी पडते.

भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांना शेंगेन व्हिसा, म्हणजे स्वीडनसह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, दोन कोरी पानं असलेला आणि परतीनंतर किमान तीन महिने वैध असावा. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय प्रवास विमा, फोटो, राहण्याची आणि परतीच्या तिकिटाची नोंद, बँकेची विवरणपत्रं हेही जोडायचं. सोबत नोंदणीची पावती ठेवा, प्रवासाचं कारण त्यातून स्पष्ट होतं. विमा घेताना स्की शर्यतीतली दुखापत त्यात धरली आहे का, हे लेखी विचारून घ्या. अनेक साध्या पॉलिसी ती वगळतात.

राहण्याची सोय नोंदणी झाल्याझाल्या पाहा. सेलेनमध्ये खोली मिळाली नाही तर मोरात राहून पहाटेच्या बसने सुरुवातीच्या जागी पोहोचता येतं, मात्र त्या बसचं तिकीटही आधीच काढायला हवं. छातीवरचा क्रमांक घ्यायला जाताना पासपोर्ट बरोबर न्या.