एबीएसचा दिवा लागला म्हणजे ब्रेक गेले? नाही!

साताऱ्यात पावसाळा लागला की हे हमखास कानावर येतं: मोटारसायकलच्या मीटरवरचा एबीएसचा (करकचून ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा मध्येच पेटला म्हणजे ब्रेक फेल, गाडी ढकलत न्या. हे खरं नाही. अशा वेळी एबीएस बंद पडतं, साधा ब्रेक लागतोच. पण करकचून दाबला तर चाक लॉक होऊ शकतं, म्हणून यवतेश्वरचा घाट जपून उतरा.

चावी फिरवल्यावर दिवा लागणं आणि गाडी पळू लागल्यावर विझणं ही तपासणी आहे, बिघाड नव्हे. मेन स्टँडवर गाडी गिअरमध्ये टाकून चेन साफ केली तरी तो पेटू शकतो, कारण मागचं चाक फिरतं आणि पुढचं थांबलेलं असतं.

खरा दोष बहुतेकदा चाकाशीच सापडतो. डिस्कजवळच्या खाचांच्या रिंगवर आणि समोरच्या, चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरवर कासची तांबडी माती थापली जाते. मऊ ब्रशने काढा. तरीही दिवा ये-जा करत असेल तर हँडल डावी-उजवीकडे वळवून सेन्सरची वायर कुठे घासते ते बघा, बॅटरीचा व्होल्टेज मोजा. दिव्यावर काळी टेप मात्र कृपा करून चिकटवू नका.

लिव्हर मऊ लागत असेल किंवा ब्रेक ऑइल उतरलं असेल, तर मात्र गाडी जागची हलवायची नाही.